जवसाचं तेल आणि कापूस

धूर गंजीच्या आतून येत होता आणि माझी मुलगी त्या गंजीत झोपलेली होती.

मी विहिरीवर होते. भाकरी खाऊन हात धूत होते. कोणीतरी ओरडलं म्हणून वळले, तर कापूस ठेवायच्या शेडच्या उघड्या दारातून कापसाच्या ढिगामागून पिवळट धूर वर चढताना दिसला. ज्वाळा नव्हती. मी धावले. दाराशी दोघीजणींनी मला कमरेला धरलं. मी एकीच्या मनगटाला चावले, तरी तिनं सोडलं नाही. सोडलं असतं तर मी हे लिहायला उरले नसते. पण तेव्हा मी तिला जी शिवी दिली ती कागदावर घालण्यासारखी नाही.

आत माझी सासू होती. ढीग एका बाजूनं खचला होता आणि मुलीला झोपवलं होतं ती जागा कापसाखाली गेली होती. सासू गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी कापूस उपसत होती. बोंबलत नव्हती. आमची सासू एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी बोंबलायची, त्या वेळी तिच्या तोंडातून शब्द नव्हता. मग तिच्या हाताला पोरीचा पाय लागला. तिनं तो ओढला आणि मुलीला दाराकडे अक्षरशः फेकलं. एका हमालानं झेलली. त्याच क्षणी, जिथं सासूनं उपसलं होतं तिथून आग बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत त्या आगीत होते.

हे हिंगणघाटच्या एका जिनात झालं. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. आम्ही धम्म घेतला त्याच्या नंतरचा तो हिवाळा. आम्ही अल्लीपूरचे, पण कापसाचा हंगाम सुरू झाला की माझा नवरा, मी आणि सासू जिनामागच्या झोपडीत येऊन राहायचो. नवरा हमाली करायचा, मी यंत्रापुढे कापूस टाकायचे, आणि सासू गंजीपाशी बसून कापसातली पत्ती आणि पिवळी बोंडं वेचायची. लेकुरवाळ्या बायका आपापली पोरं तिच्या नजरेखाली ठेवायच्या. थंडीत गंजीच्या कडेला हातानं खड्डा करायचा, त्यात लुगड्याचा तुकडा अंथरायचा आणि पोर ठेवून द्यायचं. त्याच्याइतकी मऊ आणि उबदार जागा आमच्यापैकी कोणाच्याच घरी नव्हती. त्या दिवशी जेवणाच्या सुटीत बाकीची पोरं आयांबरोबर बाहेर गेलेली. माझी एकटीच झोपली होती म्हणून मी तिला उठवलं नाही.

मुलीला फारसं झालं नाही. केस करपले, रात्रभर खोकली, दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचा काला मागितला. सासूला बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं तिच्या दोन्ही हातांना जांभळं औषध फासून वर पट्ट्या गुंडाळल्या.

गंजी अजून धुमसत होती तोवरच सगळ्यांना कारण सापडलं होतं. सासू बिडी ओढायची. जिनात बिडीला बंदी, म्हणून ती फाटकाबाहेर जाऊन ओढायची, आणि उरलेली अर्धी विझवून कानामागे खोचून आत यायची. त्या दिवशीही जेवणाच्या आधी ओढून आली होती. ती अर्धी बिडी नंतर तिच्या कानामागे नव्हती. कुठं पडली तिलाही सांगता येईना.

जिनाचा मुनीम दवाखान्यात आला तो कबुलीचा कागदच घेऊन. खाटेजवळ उभा राहून म्हणाला, "म्हातारे, बिडी तुहीच व्हती ना?"

"हाव," सासू म्हणाली. "माहीच."

"मंग अंगठा दे इथं."

तिनं दोन्ही पट्टीबांधले हात वर केले. "कोन्ता देऊ? दोनी शिजले. तुले पायजे तो काढून ने."

मुनीम गेला. ती मेलेल्या नजरेनं छताकडे पाहत राहिली. मला वाटलं होतं की मुनीमाला असं उत्तर देणारी बाई लवकर बरी होईल. तसं झालं नाही. त्याच दिवसापासून तिनं खाणं सोडलं. दुधाचा पेला तोंडाला लावला की दात आवळायची. जबरदस्ती केली तर गालावरून सांडू द्यायची. मी मुलीला कडेवर घेऊन आले, म्हटलं नातीला पाहून तरी ऐकेल. तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ने तिले," म्हणाली. "म्या जाळली असती तिले."

"तूच काढली ना वं माय तिले."

"लावली बी मीच. काढली म्हनून काय झालं?"

माझा नवराही तेच धरून बसला होता. दारापर्यंत यायचा, आत येत नव्हता. "तिले कितीदा सांगतलं बिडी सोड म्हनून," एवढंच म्हणायचा. मी त्याला म्हटलं, तुला आत यायचं नसेल तर दारातही उभा राहू नको, वारा अडतो. तो गेला.

डॉक्टर तरुण होता, खरं ते तोंडावर सांगायचा. भाजलेलं भरून यायला अंगात काही जायला पाहिजे, म्हणाला. जात नसेल तर मी औषध फासत राहीन, पण उपयोग नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला एवढं कळलं की सासू मरायला बसली आहे आणि तिला मरू द्यायचं नसेल तर त्या बिडीचं काहीतरी करायला हवं. पण काय करायचं ते सुचत नव्हतं. माझ्याही मनात आग बिडीनंच लागली असं होतं. मी खोटं बोलून पाहिलं की बिडी फाटकाजवळ सापडली. तिनं विचारलं, "दाखव." माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, मांडीचं हाड मोडलेली. हाड ताणून धरायला पायाला विटा टांगून पडलेली असायची. तिचा मुलगा हायस्कुलात शास्त्र शिकवायचा आणि रोज शाळेच्या आधी आणि नंतर डबा घेऊन यायचा. पहिले दोन दिवस तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलाला उशीर झाला, तहान लागली, मग घेतलं. त्यानंतर घेतच राहिली. 

तीच एकदा सासूला म्हणाली, "काऊन वो बाई, दूध कायले सांडतं? मले देत जाय. माहा पोट्टा गायीचं पातय आनते, त्यात गाय कमी अन् इहीर जास्त."

सासूनं पट्टीबांधला हात डोळ्यांवर घेतला.

"मरायचं असन तर मर," मास्तरची आई म्हणाली. "पन गुपचूप मर. रातभर कन्हतं, मले झोप नाई."

"कान बंद कर," सासू म्हणाली. दोन दिवसांत तिच्या तोंडून निघालेले तेवढेच शब्द. मला त्या म्हातारीचे पाय धरावेसे वाटले, पण पायाला विटा होत्या.

मास्तर हे ऐकत होता. उंच, कोटाची बटणं चुकीच्या काजात लावणारा माणूस. त्यानं मला बाहेर ओसरीवर बोलावलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही धूर पाहिला तेव्हा आग वर होती की आत?"

"आत," मी म्हटलं. "वर तर पांढरा शुभ्र कापूस होता."

"कापसावर बिडी पडली तर आधी वरचा कापूस पेटायला हवा. आग अंगावरून पळते. तुम्ही जिनात काम करता, तुम्ही पाहिलं असेल."

मी पाहिलं होतं. एकदा यंत्राच्या ठिणगीनं कापूस पेटला होता, तर आग चादर ओढावी तशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. आत जायला तिला बराच वेळ लागला. पण हे मला स्वतःहून आठवलं नव्हतं. दुसऱ्यानं विचारल्यावर आठवलं.

"बिडी आत शिरून धुमसतही राहू शकते," तो म्हणाला. "मी नाही म्हणत नाही. पण आदल्या दिवशी त्या गंजीपाशी कोणी काय काम करत होतं?"

मी सांगितलं. आदल्या दिवशी सुतार आला होता. जिनाच्या मोठ्या लाकडी दारांना आणि छकड्यांच्या चाकांना त्यानं जवसाचं तेल दिलं. आमच्याकडे लाकडाला तेच देतात, उकळून दिलं की लवकर वाळतं. हात पुसायला आणि दारं घासायला त्यानं मूठमूठ कापूस घेतला. आणि तो कापूस टाकला नाही. जिनात कापूस टाकायची चालच नव्हती. जमिनीवरचा, तेलाचा, मातीचा, कसलाही असो, पोत्यात भरून ठेवायचा. मळका कापूस गादीवाला घेऊन जायचा. सुतारानं तेलकट बोळे पोत्यात दाबून भरले आणि पोतं गंजीमागे, टिनाच्या भिंतीला टेकवून ठेवलं.

मास्तरनं मान डोलावली. मग म्हणाला, "जवसाचं तेल वाळतं म्हणजे काय होतं, माहीत आहे?"

"पाणी उडून जातं."

"त्यात पाणी नसतंच. ते उडून जात नाही, उलट हवेतलं काही घेतं आणि घट्ट होतं. आणि तसं होताना गरमी सोडतं. लाकूड जळतानाही हवेतलं तेच घेतं आणि गरमी सोडतं. तेल ते हळूहळू करतं एवढंच."

"मग दार का नाही पेटलं?"

"दारावर तेलाचा पातळ हात असतो. निघाली की गरमी हवेत जाते. पोत्यात दाबलेल्या कापसातून ती जाणार कुठं? उगीच नाही तुम्ही पोरांना कापसात झोपवत."

मला ते पटलं आणि नाहीही पटलं. तेल आपोआप तापतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. तेल मी डोक्याला लावलेलं होतं, डोकं पेटलेलं नव्हतं. मी त्याला तसं म्हटलं. तो हसला नाही. "बरोबर आहे," म्हणाला. "म्हणून मोजून पाहू. आणि इथंच मोजू, त्यांच्यासमोर. मी सांगितलेलं त्या ऐकणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो सकाळीच आला. बरोबर डबे, बाटलीत सुताराकडचंच उकळलेलं जवसाचं तेल, आणि शाळेतला काचेचा थर्मामीटर, दवाखान्यातल्यापेक्षा लांब. त्यावरचे आकडे इंग्रजी होते. मला ते येत नव्हते, तर त्यानं कागदाच्या पट्टीवर मराठी आकडे लिहून पट्टी काचेला चिकटवली आणि म्हणाला, "वाचायचं काम तुमचं. माझ्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास बसायचा नाही."

सासूची खाट आम्ही खिडकीशी ओढली. खिडकीला लागून ओसरी होती, तिथं त्यानं मांडामांड केली. नर्सबाई कमरेवर हात ठेवून आली.

"हे काय दुकान?"

"उष्णता मोजतो आहे," मास्तर म्हणाला.

"अंगात ताप असला तर मी मोजते. डब्याला कशाचा ताप?"

"तेच पाहायचं आहे."

मास्तरची आई आतून म्हणाली, "बाई, त्याले करू दे. लहानपनी त्यानं मायं घड्याळ खोललं, अजून बंदच हाय."

शाळेत उष्णता मोजतात तशीच त्यानं मांडणी केली. तेलात भिजवून पिळलेला कापूस लहान डब्यात भरला. झाकणाला भोकं पाडली, हवा जायला. तो डबा पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवला आणि थर्मामीटर पाण्यात सोडला. शेजारी दुसरं तसंच भांडं, त्यातल्या डब्यात कोरडा कापूस. कापसातून गरमी निघाली की पाणी घेईल, आणि पाणी किती तापलं त्यावरून गरमी किती ते काढता येतं, असं त्यानं सांगितलं. पाण्याचं वजन त्यानं आधी करून घेतलं होतं.

आम्ही वाट पाहिली. ऊन ओसरीच्या पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आलं. मी दोन्ही भांड्यांतलं पाणी वाचत होते आणि सासूला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगत होते. कोरड्याचा आकडा हलला नाही. तेलाचा दीड-दोन रेघा वर गेला आणि थांबला. मी डबा बाहेर काढून हात लावला. गारच म्हणायचा.

सासूनं डोळे मिटले. "पाह्यलं?" म्हणाली. "बिडीच व्हती. जाऊ द्या मास्तर, पोट्ट्याहीले शिकवा जा."

मला मास्तरचा राग आला. जे एवढंसं उरलं होतं तेही यानं घालवलं असं वाटलं. मी त्याला म्हटलं, "गुंडाळा तुमचं. तिला मरायचंच होतं, आता कारण पक्कं झालं."

तो भांड्यापाशी उकिडवा बसून दोन्ही पाण्यांत बोटं घालत होता. ऐकलं की नाही कोण जाणे. मग एकदम उठला. "चूक माझी," म्हणाला. "गरमी निघते आहे. पाण्यानं घेतली ना दोन रेघा. एवढं पाणी दोन रेघा तापवायचं तर थोडी गरमी पुरत नाही. पण निघाली तशी पाण्यानं खाल्ली, कापसात राहूच दिली नाही. पोत्याभोवती पाणी कुठं होतं?"

"पोत्याभोवती कापूस होता," मी म्हटलं.

"आणि पाठीमागे उन्हानं तापलेला टिन."

त्यानं पाणी ओतून दिलं. मोठ्या भांड्यात कोरडा कापूस दाबून भरला, मधे जागा ठेवून तेलाच्या नव्या बोळ्यांचा डबा बसवला, वरून पुन्हा कापूस. या वेळी थर्मामीटर थेट बोळ्यांच्या मधोमध खुपसला. दुसऱ्या भांड्यात कोरडा कापूस. तिसऱ्यात भुईमुगाच्या तेलाचा, कारण मी विचारलं होतं की मग डोक्याचं तेल का पेटत नाही. तिन्ही भांडी उन्हात, टिनाच्या पत्र्यावर ठेवली. नर्सबाईनं कोपऱ्यातली वाळूची बादली आणून शेजारी ठेवली. 

जेवणाच्या वेळेपर्यंत तिन्ही आकडे उन्हाबरोबर थोडे थोडे वर गेले. नंतर कोरड्याचा थांबला, भुईमुगाचा थांबला. जवसाचा थांबला नाही. आधी मी वाचायचे, मग थोड्या वेळानं पुन्हा वाचायचे, तर रेघभर फरक. पुढे पुढे एक आकडा तोंडातून निघेपर्यंत पारा त्याच्या वर गेलेला असायचा. जितकं तापतं तितकं तेल जास्त घाई करतं, मास्तर म्हणाला, आणि जितकी घाई तितकं आणखी तापतं. माझा आवाज चढत गेला. खाटेवरच्या बायका उठून बसल्या. एकजण विचारत होती, लिलाव कशाचा आहे.

"साठ," मी ओरडले. "एकसष्ट. त्रेसष्ट."

"कोनी इस्तो टाकला तिथं?" सासूनं विचारलं. तिनं मान उचलली होती.

"कोनी नाई. तूच पाहून राह्यली ना."

"मले नाई दिसत. आन इकडे."

मास्तरनं कापसातून तेलाचा डबा काढला, फडक्यात धरून खिडकीतून माझ्याकडे दिला. तिचे हात पट्टीत. मी पाहत उभी राहिले तर म्हणाली, "गालाले लाव वं. गाल तर नाई जळला."

मी डबा तिच्या गालाजवळ नेला. तिनं झटकन तोंड मागे घेतलं. मग पुन्हा पुढे आणलं. झाकणाच्या भोकांतून जराशी वाफ, की धूर, येत होता. तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. कडू, रंगाच्या जुन्या डब्यासारखा वास होता, घशाला लागणारा.

"हाच," ती म्हणाली.

"काय हाच?"

"हाच वास येऊन राह्यला व्हता त्या दिशी. सकायपासून. म्या सुतारनीले म्हटलं बी, तुह्या घरवाल्यानं दारं रंगवले का आमचं नाक."

"सकाळपासून?" मास्तरनं खिडकीतून विचारलं. "बिडी ओढायच्या आधी?"

"मास्तर, बिडी म्या जेवनाच्या टायमाले ओढली. वास तर पोट्टीले दूध पाजलं तवाचा." ती थांबली. तिचं तोंड हळूहळू बदललं. त्या वेळचं तिचं तोंड कसं होतं हे मला सांगता येत नाही. रडली नाही. "गंजीतली ऊब बी त्या दिशी जास्तच व्हती," म्हणाली. "म्या म्हटलं, आज पोट्टीले चांगलं झोपू दे."

मास्तर म्हणाला, "मावशी, तुमची बिडी कुठं गेली ते मला माहीत नाही. पण जेवणाच्या वेळी ओढलेली बिडी सकाळी वास मारू शकत नाही. आग तुम्ही बिडी ओढायच्या आधीच आत सुरू झालेली होती."

तेवढ्यात माझ्या हातातला डबा इतका तापला की मी तो खिडकीतून ओसरीवर टाकला. झाकण उडालं. मोकळी हवा लागताच आतला बोळा मधोमध काळा पडला, धूर सोडू लागला, आणि नर्सबाईनं त्यावर आख्खी बादली वाळू ओतली.

"लेका," मास्तरची आई म्हणाली, "दवाखाना राहू दे. मायं हाड जुडलं नाई अजून, मले पयता येनार नाई."

सासू हसली. ओठ सुकून फुटले होते, हसताना रक्त आलं. मग म्हणाली, "दूध हाय का?"

मी पेला आणला. अर्धा प्याली आणि तोंड वाकडं केलं. "म्हशीचं आनजो. हे त्या बुढीच्या इहिरीतलं दिसते."

"ऐकलं वो मी," शेजारून आवाज आला.

"तुलेच ऐकवलं."

संध्याकाळी मी मुलीला आणलं आणि सासूच्या पोटावर बसवलं. मुलीनं तिच्या पट्ट्यांचं टोक धरून ओढलं. दुखलं असणार. सासूनं पट्टी सोडवून घेतली नाही. नंतर माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "एक बिडी लावून दे. तू धर, मी ओढतो." मी नाही दिली. त्यावरून तिनं मला ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून मला बरं वाटलं.

मास्तर मुनीमाकडे गेला आणि त्याच्यापुढेही एक डबा तापवून दाखवला. मुनीमाचा मुलगा त्याच्याच वर्गात होता, म्हणून त्याला पूर्ण ऐकून तरी घेतलं. सुताराचं काय करायचं असं मुनीमानं विचारलं तेव्हा मास्तर म्हणाला, काही नाही, त्यालाही कोणी सांगितलेलं नव्हतं. पुढच्या हंगामात फाटकाबाहेर झाकणाचं लोखंडी पिंप आलं. तेलाचा कापूस त्यात टाकायचा आणि संध्याकाळी उघड्यावर पसरायचा. गंजीत खुपसायला एक लांब सळई आली. मुकादम ती रोज आत घालायचा, थोड्या वेळानं बाहेर काढून पंजानं दाबून पाहायचा. गंजीत पोरं ठेवायला मनाई झाली. आम्ही पोरं विहिरीजवळच्या झाडाला झोळीत टांगू लागलो. थंडी वाजायची, पण चालायचं.

दवाखाना सुटल्यावर मास्तरला मी एकदा भेटले. तोवर त्यानं त्या दिवसाचा हिशेब करून ठेवला होता. पाणी किती, रेघा किती, म्हणजे मूठभर बोळ्यांतून गरमी किती, आणि पोत्यात तसे बोळे किती असतील. त्यानं ते समजावून सांगितलं आणि मला बऱ्यापैकी समजलं. म्हणाला, जेवढं तेल दारावर होतं तेवढंच पोत्यात असेल तर गरमीही तेवढीच निघाली, फक्त दाराची हवेत गेली आणि पोत्याची आत राहिली. मी म्हटलं, मग गरमीचा काय दोष. तो म्हणाला, दोष कोणाचाच नाही, मोजायला हवं होतं.

त्याची आई त्या खाटेवरून उठली नाही. माघात गेली. तिच्या शेवटच्या दिवसांत पाणी मीच पाजत होते, कारण सासूची पट्टी अजून निघाली नव्हती आणि मी तिथंच होते.

माझा नवरा आईला न्यायला आला तेव्हा आत आला. तिला म्हणाला, "चाल माय." ती म्हणाली, "आग इझवाचा बम लवकर आला." एवढंच बोलणं झालं. त्यानं तिला पाठीवर घेतलं, मी मुलीला कडेवर घेतलं.

गंजी सगळी जळाली. सासूच्या डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटून राहिली, पण भाकरी थापता येत होती. ती जगली. माझी मुलगी जगली.